एक ते चार बंद

१

स्पृहा कुठल्याही खोलीत शिरली की आधी चुटकी वाजवायची. नमस्कार-चमत्कार नंतर, बसणं-उठणं नंतर. आधी चुटकी, मग मान जराशी तिरकी करून क्षणभर थांबणं, आणि मग स्वतःशीच एक 'हं'. लग्नाआधी आमोद तिला पहिल्यांदा घरी घेऊन गेला तेव्हा तिने दिवाणखान्याच्या उंबऱ्यातच ही चुटकी वाजवली, आणि आमोदच्या आईला वाटलं, ही आपल्यालाच बोलावतेय. तो गैरसमज दूर झाला असं दोन्हीकडचे सांगतात. सांगोत बापडे.

पण त्या एका चुटकीवरून स्पृहाला खोली कळायची. पडद्यामागे खिडकी आहे की भिंत, कपाट भरलेलं आहे की रिकामं, पलंगाखाली सामान कोंबलंय का, सगळं. आमोदने तिची परीक्षा घेऊन पाहिली होती. डोळ्यांवर रुमाल बांधून तिला आत्याच्या घरी नेलं, तर ती चुटकी वाजवून म्हणाली, "माळा आवरलात वाटतं, आत्या?" आत्याने आदल्याच आठवड्यात माळा आवरला होता. बायकोचं कौतुक चारचौघांत करू नये असा आपल्याकडे एक संकेत आहे. आमोद तो कधीच पाळत नसे. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना त्याने हा माळ्याचा किस्सा ऐकवला होता.

दोघंही हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडून आता कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीलाच कार्यशाळा करून, एक खेळघर बांधत होते. विटांचं नव्हे. मोबाईलवर उघडलं तर काचेतून डोकावल्यासारखं दिसायचं, आणि डोक्यावर हेडसेट चढवला की माणूस थेट आत उभा राहायचा. दोन्ही बाजूंना जुन्या धाटणीची गेमची मशीन, टोकन टाकायची फट, झिजलेल्या जॉयस्टिक, आणि जगात कुठेकुठे बसलेली माणसं तुमच्या शेजारी येऊन खेळणार. आमोद भिंती, मशीन आणि खेळ बांधायचा. स्पृहा आवाज बांधायची. आणि खरं सांगायचं तर ते घर उभं होतं ते तिच्या बाजूवर, हे आमोदला पक्कं ठाऊक होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता.

रोजचा शिरस्ता ठरलेला. सकाळी चहा, मग स्पृहा हेडसेट घालून आत एक फेरी मारणार, आमोद मोबाईलवरून तिच्यामागे जाणार. ती आत गेल्या गेल्या चुटकी वाजवायची. ती तिच्या माइकमधून त्या खोट्या खोलीच्या घुमाऱ्यात मिसळून आमोदच्या कानात यायची. मग 'हं'. तो 'हं' आला की दिवस सुरू झाला.

२

हे घर मनाने रचलेलं नव्हतं. बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानामागे, श्रीधरकाकांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. शाळा बुडवून आमोद तिथे पडलेला असायचा. ते बंद होऊन जमाना लोटला, पण काका नारायण पेठेत होते आणि ठणठणीत होते. दोघं त्यांना भेटायला गेले तेव्हा काकांनी दार अर्धंच उघडलं.

"काय पाहिजे?"

"काका, मी आमोद. लहानपणी तुमच्या पार्लरमध्ये यायचो."

"मग आता उशीर झाला. बंद केलं ते."

"आम्ही ते परत उभं करतोय."

"कुठे?"

"म्हणजे... तसं कुठेच नाही. मोबाईलवर."

"जागेचा प्रश्न मिटला म्हणायचं," काका म्हणाले, आणि मग दार पूर्ण उघडलं.

आत पाऊल टाकताच स्पृहाने चुटकी वाजवली. आमोदने डोळे मिटून घेतले. काकांनी विचारलं, "कोणाला बोलावताय?"

"खोलीला," स्पृहा म्हणाली. "बाथरूमचं दार उघडं राहिलंय तुमच्या."

काका उठून आत गेले, दार लावून आले आणि त्यानंतर तिच्याशी 'अहो-जाहो' सोडून लेकीसारखं बोलू लागले. तिने विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं. टोकन खळकन पडायचं कसं, स्टूल फरशीवर ओढलं की कुठे करकरायचं, मशीन बंद करताना कुठल्या क्रमाने करायचं. पार्लर दुपारी एक ते चार बंद असायचं, तशी पाटीच होती. "गिऱ्हाईक रडलं तरी चालेल, वामकुक्षी चुकता कामा नये," काका म्हणाले.

पार्लर लांबट होतं. शेवटी एक जाडजूड खांब, आणि शेवटचं मशीन त्या खांबाआड. गल्ल्यावरून ते दिसत नसे. म्हणून एक वाजला की दिवे मालवून काका दारात उभे राहायचे आणि शटरला हात घालण्याआधी विचारायचे, आत कोण राहिलंय का? ते वाक्य आमोदला अजून त्यांच्या आवाजात पाठ होतं. त्याने आठवण करून देताच स्पृहाने रेकॉर्डर पुढे सरकवला.

"म्हणा ना काका, एकदा."

काकांनी रेकॉर्डर उलटा फिरवून ठेवला. "घरात विचारायचं नाही हे."

"का?"

"घरात कोणी ना कोणी असतंच." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. "तिकडे चला. तिथे विचारतो."

३

त्या जागेत आता मोबाईलच्या कव्हरांचं गोडाऊन होतं. दत्तप्रसाद नावाचा मालक बरा माणूस निघाला. "काय रेकॉर्ड करायचं ते करा, फक्त खोकी हलवू नका," म्हणून तो जेवायला गेला. बाहेर दगडूशेठच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी आणि रिक्षांचे हॉर्न चालू होते, पण आत दोन पावलं टाकली की ते सगळं मागे राहायचं. खोक्यांमध्ये तो खांब तसाच उभा होता. आमोदला भरून आलं. स्पृहाने चुटकी वाजवली, मान तिरकी केली, आणि नेहमीचा 'हं' आलाच नाही. तिने पुन्हा एकदा वाजवली.

श्रीधरकाका दारात उभे राहिले. घसा खाकरला आणि फार मोठ्याने नाही, कंटाळा आणि माया सारख्या मापात घालून विचारलं, "आत कोण राहिलंय का?"

आणि थांबले. मान खांबाकडे किंचित कलती. आमोदला वाटलं, म्हातारा पुढचं विसरला. तेवढ्यात काकांनी हात वर नेऊन खरंखुरं शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं आणि म्हणाले, "चला."

"इतका वेळ का थांबलात, काका?"

"मग? विचारलं की थांबायला नको? उत्तर ऐकायचं नसेल तर विचारू नये माणसाने."

"आणि उत्तर आलं तर?"

"तर शटर ओढायचं नाही. आतला बाहेर येईपर्यंत उभं राहायचं. यात न समजण्यासारखं काय आहे?"

काका गेल्यावर स्पृहाने पिशवीतून फुगे काढले. फुगा फोडला की त्या फटक्याने खोली जशी घुमते, तो घुमारा टिपायचा आणि पुढे सगळे आवाज त्यात बसवायचे, ही तिची रीत. ती ठिकठिकाणी उभी राहून फुगे फोडत होती आणि आमोद टेपने मापं घेत होता. दत्तप्रसाद जेवून आला तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "वाढदिवस कोणाचाय?"

घरी आल्यावर मापांचं आणि आवाजांचं जमेना. टेपप्रमाणे खांबामागे मशीन ठेवण्यापुरती जागा होती, आणि मग भिंत. फुग्यांप्रमाणे खोली खांबापाशी संपत नव्हती.

"भिंत आहे स्पृहा. मी हात लावून आलोय."

"असेल. पण आवाज तिला लागून परत येत नाहीये. पुढे जातोय, आणि मग येतोय."

"शेजारच्या दुकानात जात असेल."

"असेल," ती म्हणाली. वाद घालायचा नसला की ती असंच म्हणायची. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत बसून तिने आमोदच्या मापांना न जुमानता खोली आवाजाप्रमाणे लांबवली. खांबामागची भिंत मागे सरकवली आणि मध्ये अंधाराचा एक पट्टा सोडला. आमोदने कुरकुरत हेडसेट डोक्यावर चढवला, आणि त्याची कुरकुर तिथेच संपली. तो पार्लरमध्ये होता. शाळेचं दप्तर पाठीवर असल्यासारखं वाटावं, इतकं ते खरं होतं. टेप गुंडाळून खणात टाकत तो म्हणाला, "तू माणूस नाहीयेस. काहीतरी वेगळंच आहेस." हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

४

पार्लर चाललं. नुसतं चाललं नाही, लोक त्याच्या प्रेमात पडले. लातूरचा एक शिक्षक रोज डबा खाताना मोबाईलवर यायचा. परदेशात राहणारी एक बाई हेडसेट घालून यायची, काही न खेळता नुसती स्टुलावर बसून टोकनचे आवाज ऐकायची आणि जायची. ती लिहायची, 'हे आवाज कोणी केलेत, त्यांच्या हातांना नमस्कार सांगा.' आमोद हे सगळं स्पृहाला मोठ्याने वाचून दाखवायचा. तिचे कान लाल व्हायचे आणि ती म्हणायची, पुरे.

आणि पार्लर रोज दुपारी एक ते चार खरोखर बंद व्हायचं. एक वाजला की दिवे एकेक करून जायचे, काकांचा आवाज विचारायचा, आत कोण राहिलंय का, मग ती शांतता, मग शटर. पुण्याबाहेरच्यांना हा विनोद वाटला. पुण्यातल्यांना यात विनोद काय ते कळलं नाही.

तक्रार आणली ती ऋषीने. ऋषी त्यांचा भागीदार, हिंजवडीचाच. ज्या काचेच्या इमारतीत आमोद-स्पृहा नोकरीला होते ती त्याच्या आजोबांच्या वावरात उभी होती. खेळणाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं काम त्याच्याकडे होतं. स्पृहा तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेली होती.

"आमोद, सगळं भारी हाय, पण ते काका इचारत्यात आन् मग नुसतं गप. फोनवाल्यांना वाटतंय ॲप हँग झालं. बंद करून टाकत्यात. तेवढं काप की."

"स्पृहाला विचारायला पाहिजे."

"वैनी आल्यावर सांग. एवढं काय त्यात? शांतताच हाय ती."

आमोदलाही ते पटलं. मोबाईल हातात असताना कोण थांबतं कोणासाठी? त्याने ती शांतता कापली. प्रश्न संपला की लगेच शटर. काम चहा गार होण्याआधी झालं.

फोनवाल्यांच्या तक्रारी थांबल्या. त्यांच्याऐवजी हेडसेटवाल्यांची वाहवा सुरू झाली. शेवटचा इफेक्ट जबरदस्त आहे, कोणीतरी लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, खांबामागून कोणीतरी बोलायला तोंड उघडतं आणि तेवढ्यात शटर पडतं, अंगावर काटा आला. "पब्लिक येडं झालंय," ऋषी म्हणाला. "वैनीनं काय टाकलंय रे तिथं?"

आमोद हसला. स्पृहाने काहीतरी सुरेख करून ठेवलं असणार आणि नेहमीप्रमाणे सांगितलं नसणार, असं तो धरून चालला. त्याला तिचं पुन्हा कौतुक वाटलं.

५

स्पृहा परत आली. दारातच चुटकी वाजवून म्हणाली, "माझी खुर्ची कोणी हलवली?" आमोदला हायसं वाटलं, घर पुन्हा घर झालं. दुपारी एक वाजता ती पार्लर बंद होताना ऐकत बसली आणि तिचा चेहरा उतरला.

"शांतता कुठे गेली?"

आमोदने सांगितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, ती चिडली नाही. तिने मूळ रेकॉर्डिंग काढलं, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि आवाज वाढवला. काकांचा प्रश्न. मग शांतता. आणि त्या शांततेच्या अगदी शेवटी, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, एक श्वास.

"काकांचा आहे," आमोद म्हणाला.

"काका माइकच्या अलीकडे उभे होते. हा पलीकडून आलाय. खांबाकडून." तिचे डोळे चमकत होते. भीती तिला शिवलीच नव्हती, हे आमोदला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. "मी हा ऐकलाच नव्हता तेव्हा. मी! किती बारीक आहे बघ. आणि तू नेमका याच्यावर कात्री चालवलीस."

"जोडतो परत. आत्ता जोडतो."

"उद्या जोड. आधी मला आहे तसं आतून ऐकू दे. लोक म्हणतात ते काय आहे, ते कळू दे."

दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या थोडं आधी तिने हेडसेट चढवला. खोलीच्या मधोमध, पलंग आणि कपाटामधल्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली. आमोद पलंगावर मोबाईल घेऊन बसला. मोबाईलवर पार्लरमध्ये तिचे दोन हात तेवढे दिसत होते, निळसर, मनगटापासून पुढे काही नाही. हेडसेटवाले सगळे तसेच दिसायचे. बाकीचे खेळणारे निघून चालले होते. तिने चुटकी वाजवली. ती खोलीत वाजली आणि किंचित मागून मोबाईलमध्ये वाजली.

ती खांबापाशी गेली. शेवटच्या मशीनला वळसा घातला आणि अंधाराच्या पट्ट्यात शिरली. मोबाईलवर हात दिसेनासे झाले.

"आमोद, इथे पुढे आहे रे," स्पृहा म्हणाली. पलंगाशेजारी उभी राहूनच म्हणाली, पण कुजबुजत. "मी बांधलं नाहीये हे. मी एवढं लांब सोडलं नव्हतं."

"परत ये. एक वाजतोय."

"थांब ना. किती सुंदर घुमतंय. ऐक."

मोबाईलमधून चुटकी आली. लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी. आमोदने मान वर केली. समोर उभ्या असलेल्या स्पृहाचे दोन्ही हात खाली सैल लोंबत होते. मोबाईलमध्ये पुन्हा चुटकी वाजली, आणखी पुढे गेलेली. तिची बोटं हललीसुद्धा नाहीत.

दिवे गेले. काकांचा आवाज आला, "आत कोण राहिलंय का?" आणि लगेच, आमोदने केलं होतं अगदी तसं, शटर धाडकन खाली आलं.

त्याने धावत जाऊन हेडसेट तिच्या डोक्यावरून काढला. तिचे केस विस्कटले. ती डोळे मिचकावत त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग गोड हसली.

"काही नाही रे तिथे," ती म्हणाली. "रिकामंय."

६

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? आमोद संध्याकाळभर स्वतःला हेच विचारत होता. चुटकी उशिरा ऐकू आली असेल. नेट दुपारचं रेंगाळतंच. तिने आधी वाजवलेली, अडकून मागून आली. दोनदा आली. तेही होतं. तो स्वतः प्रोग्रॅमर होता, अशा चुका निस्तरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

स्पृहा छान होती. उलट जास्तच छान होती. गाढ झोपली. सकाळी उठून त्याच्या आईला आपण होऊन फोन केला आणि दोघी बराच वेळ बोलल्या. आईने नंतर आमोदला सांगितलं, "माणसात आली हो पोरगी." आमोदला त्या वाक्याने आनंद व्हायला हवा होता.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिने चुटकी वाजवली नाही. बाहेरून आली तेव्हाही नाही. एरवी इमारतीत कुठेही कुकर वाजला की कुठल्या मजल्यावरचा ते ती न विचारता सांगायची. आता ती गॅससमोर उभी होती आणि आमोदला विचारत होती, "आपलाच वाजतोय का?" तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कान लखलखीत आहेत, तुमचेच तपासू का?

शेवटी न राहवून त्याने म्हटलं, "स्पृहा, चुटकी वाजव ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला, अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर ठेवून घासलं. आवाज झाला नाही. तिने बोटांकडे पाहिलं, पुन्हा घासून पाहिलं. "कशी वाजवतात रे?" तिने विचारलं, आणि त्याचा चेहरा बघून खळखळून हसली. चेष्टा केली. चेष्टाच केली असणार. आमोदही हसला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि का, ते शहाण्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

तिथूनच त्याने श्रीधरकाकांना फोन लावला.

"काका, तुमच्या वेळी कधी उत्तर आलं होतं?"

"नाही." थोडं थांबून काकांनी विचारलं, "विचारून थांबला नाहीत की काय?"

"ती शांतता मी कापली होती. आणि स्पृहा... स्पृहा खांबामागे होती तेव्हा."

काका रागावले असते तर बरं झालं असतं.

"फार गुणी मुलगी," काका म्हणाले. "शांतता परत घाला. आणि रोज विचारा."

"किती दिवस?"

"दुकान तुम्ही उघडलंत, आमोदराव. मी नाही." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "घरात मात्र विचारू नका."

७

आमोदने शांतता परत जोडली. शटर आता आपोआप पडणार नाही असंही केलं. ते त्याच्या टेबलावरच्या एका बटणावर ठेवलं. ऋषीला फोन करून सांगितलं की फोनवाले गेले तर जाऊ देत. "बरं," ऋषी म्हणाला. "वैनी बरी हाय ना?" आमोद हो म्हणाला.

पहिल्या दुपारी काही आलं नाही. श्वाससुद्धा नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिसरीला त्याने बटण दाबायला इतका उशीर केला की चार वाजता पार्लर उघडेल म्हणून आलेल्या लातूरच्या शिक्षकाला ते बंदच झालेलं नाही असं आढळलं, आणि त्याने पुण्याची परंपरा बुडाली म्हणून लांबलचक निषेध लिहिला. आमोद तो वाचून दाखवायला वळला आणि परत स्क्रीनकडे फिरला. असं वाचून दाखवायचं ते जिला, ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती, आणि भांड्यांचा मुळीच आवाज येत नव्हता.

त्यापुढच्या दुपारी त्याने हेडफोन न लावता आवाज स्पीकरवर सोडला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पार्लर रिकामं होत गेलं. लातूरचा शिक्षक आज वेळेवर उठून गेला. दिवे एकेक करून मालवले. ती परदेशातली बाई शेवटी स्टुलावरून उठली, खांबाच्या दिशेला तिचे निळे हात क्षणभर वळले, आणि मग तीही गेली.

"आत कोण राहिलंय का?" काकांच्या आवाजाने विचारलं.

शांतता.

खांबामागून, फार फार आतून, चुटकी वाजली.

ती स्पृहाची होती. जगात हजार माणसं चुटक्या वाजवतात, पण ही वाजवून झाल्यावर पलीकडचं कोणीतरी थांबलं होतं, मान तिरकी करून खोली काय म्हणतेय ते ऐकत होतं, आणि ते थांबणं आमोदला ओळखू आलं. किती शांत होती ती! एवढ्या अंधारात, न बांधलेल्या जागेत, भिंती कुठे आहेत ते हाताला न लागता, ती चुटकीचुटकीने वाट काढत होती. त्याला भीती वाटत होती, आणि तरीही मनात तोच जुना अभिमान दाटून आला. हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. 'हं', असं स्पीकरमधून अगदी बारीक ऐकू आलं, आणि पुन्हा चुटकी वाजली.

"आमोद."

हा आवाज मागून आला, दारातून. तो वळला नाही. पावलं न वाजता ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता. त्याच्या बायकोचाच हात होता, अंगठीसकट.

"एक वाजून गेला," ती प्रेमाने म्हणाली. "बंद कर ना आता."

त्याचं बोट शटरच्या बटणावर होतं. त्याने ते अलगद उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"बंद कर ते," ती म्हणाली. खांद्यावरची बोटं आता रुतत होती, आणि त्याला जाणवलं की ती थरथरत आहेत.

उत्तर आलं की आतला बाहेर येईपर्यंत उभं राहायचं, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आमोद उठून उभा राहिला. स्पीकरमधून पुन्हा चुटकी वाजली, आधीपेक्षा थोडी जवळ.